कार्मागेडन: हिरवं रक्त की लाल? भाऊबीजेला पैज लागलीय, निकाल हवा

सूरसागरकर

मंडळी, भाऊबीजेच्या पंगतीपासून आमच्या घरात एक वाद चाललाय. तो मिटवणारं माणूस सापडलं तर इथेच सापडेल, म्हणून लिहितोय.

सन २०००, मी नववीत. बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या वाड्यापासून चार घरं पुढे, एका अंधाऱ्या जिन्यावर गेम पार्लर होतं. पार्लर कसलं, एक खोली, सहा कॉम्प्युटर, एक टेबलफॅन आणि दाराशी स्टुलावर वही घेऊन बसलेले काका. तासाला पंधरा रुपये. दोन मिनिटं शिल्लक असली तरी काका "चालो, ऊभा थाओ, टाइम पती गयो" म्हणत मागून खुर्ची ओढायचे. बाकी सगळी पोरं रोड रॅशवर, म्हणजे मोटारसायकलच्या शर्यतीच्या गेमवर. मी एकटा कोपऱ्यातल्या चार नंबरवर, कारण कार्मागेडन हा मोटारींचा गेम तेवढ्याच मशीनवर होता.

लाल गाडी. पडद्याच्या कोपऱ्यात ड्रायव्हरचं तोंड, जोरात आदळलं की ते वेडंवाकडं व्हायचं. वर घड्याळ उलटं चालतंय. वेळ संपत आला की रस्त्यावरून चालणारा एखादा उडवायचा, सेकंद वाढायचे. आणि रस्त्यावर चालणारे कोण? भुतं! मळकट, हिरवट, मेलेली माणसं. गाडी लागली की रस्त्यावर हिरवा चिखल. हे मला इतकं स्वच्छ आठवतंय की डोळे मिटले तरी दिसतं.

मावसभाऊ पुण्याचा. तो म्हणतो, "काहीतरीच काय! साधी जिवंत माणसं होती, रक्त लाल होतं, आणि मागे कानठळ्या बसवणारी गिटार वाजायची." मी म्हटलं, गिटार? आमच्याकडे तर इंजिन आणि किंकाळ्या, बाकी शुकशुकाट. तो म्हणाला, तू दुसराच गेम खेळलास. वर हेही म्हणाला की बडोद्यात सगळं उशिरा आणि अर्धवट पोचायचं. हे मला लागलं.

तेवढ्यात भावजी बोलले. ते ९८ साली जर्मनीत शिकायला होते. म्हणाले, "दोघंही चुकताय. माणसं नव्हती, भुतंही नव्हती. यंत्रं होती. चिरडली की काळं तेल सांडायचं." यावर अख्खी पंगत इतकी हसली की भावजींनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. आईला आता एकच घोर, जावई रुसला. पैज कोण जिंकतं याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

पैज अशी: जो चुकला त्याने चौदा माणसांना सेव उसळ खिलवायची, वर लागेल तेवढी तरी. तर सांगा, काय होतं नक्की?

लष्करवाला

ग्वाल्हेरहून नमस्कार. मला वाटतं तुम्ही रोड रॅशच खेळलात. त्यात पण रस्त्यावर माणसं यायची, आणि साखळी हातात आली की शेजारच्याच्या टाळक्यात घालायची.

सूरसागरकर

अहो, चार चाकं होती. मोटारसायकल आणि मोटार यातला फरक नववीतल्या पोराला कळतो.

रावपुरा_सीडी

तिघंही बरोबर. सेव उसळीचे पैसे चौदा जणांनी वर्गणी काढून भरा, आणि आधी भावजींची माफी मागा.

हे मी छातीठोक सांगतोय, कारण १९९९ ते २००१ रावपुऱ्यात आमच्या माडीवर बसून मी गेमच्या सीड्या कॉपी करून विकायचो. पॉलिटेक्निकला होतो, वयाने आणि अकलेने लहान होतो, कायदा माहीत नव्हता असं म्हणणार नाही. सीडी रायटर दुप्पट वेगाचा, म्हणजे भरलेली सीडी लिहायला सदतीस मिनिटं. तेवढा वेळ कोणी माउसला हात लावायचा नाही. एकदा स्क्रीनसेव्हर चालू झाला आणि सीडी वाया, तर दोन दिवस मी घरात कोणाशी बोललो नव्हतो. मूळ माल मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून. कोणत्या देशातला माल कोणत्या सीडीत आलाय हे घरी येऊन लावल्यावरच कळायचं. म्हणूनच मला हिरवा आणि लाल, दोन्ही भेटले. काळ्या तेलाचं फक्त ऐकून होतो.

आता असं का झालं ते सांगतो. थोडं लांबेल.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला आयल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. तिथल्या स्टेनलेस सॉफ्टवेअर नावाच्या छोट्या कंपनीचा हा गेम. पॅट्रिक बकलंड आणि नील बार्नडेन हे तिचे संस्थापक. या लोकांना रेसिंगचे गेम खेळताना कंटाळा यायचा, मग ते गाडी उलटी फिरवून समोरून येणाऱ्यांवर घालायचे. आपण सगळ्यांनी हेच केलंय, फक्त आपल्याला काकांनी खुर्चीवरून उठवलं आणि त्यांनी त्याचा गेम केला. पहिला नमुना होता तो खटारा गाड्या एकमेकींवर आपटायच्या शर्यतीचा. त्यात पादचारी वगैरे काही नव्हते.

१९९५ साली एससीआय या प्रकाशकाने तो घेतला, पण अट घातली की एखाद्या गाजलेल्या सिनेमाचं नाव लावायचं, म्हणजे खप नक्की. आधी मॅड मॅक्सवर डोळा होता, पण त्याचे हक्क कोणाकडे आहेत याचाच पत्ता लागेना. मग डेथ रेस २००० या १९७५ च्या सिनेमाचे हक्क घेतले, कारण त्याचा पुढचा भाग येणार अशी हवा होती. त्या सिनेमातल्या शर्यतीत माणूस गाडीखाली आला की गुण मिळतात. शिवाय गाड्या आपटण्याचा एक गेम, डिस्ट्रक्शन डर्बी, त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीने बाजारात आणला होता, तेव्हा आपलं काहीतरी वेगळं दिसायला हवं होतं. म्हणून पादचारी आले. पुढे सिनेमाचा तो भाग काही निघाला नाही. नवरदेव बेपत्ता आणि वऱ्हाड मांडवात, अशी गत. पण एससीआयला तोवरचं काम इतकं पसंत पडलं होतं की त्यांनी सिनेमाचं नाव सोडलं आणि गेम स्वतःच्या नावावर काढायचा ठरवला. तो आला १९९७ मध्ये.

आणि अडला तो बीबीएफसीत. हे तिकडचं सिनेमा-व्हिडिओचं सेन्सॉर. त्या काळी बहुतेक गेम त्यांच्याकडे जायचेच नाहीत. हा गेला, आणि त्यांनी सर्टिफिकेट नाकारलं. त्या बोर्डाने नाकारलेला हा पहिलाच व्हिडिओ गेम. मग कंपनीने काय केलं? माणसं काढली, झोम्बी घातले, लालाच्या जागी हिरवं. जिवंत माणसाला उडवलं तर पाप, आधीच मेलेल्याला उडवलं तर चालतंय की! इंग्लंडात आधी विकला गेला तो हाच हिरवा अवतार, आणि सूरसागरकर, तुमच्या चार नंबरवर हाच होता. तिकडे अपील चाललं दहा महिने. शेवटी व्हिडिओ अपील्स कमिटीने कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि लाल रक्त कायदेशीर झालं. जर्मनीत यंत्रमाणसं आणि काळं तेल, म्हणजे तुमचे भावजी. ब्राझीलमध्ये तर सरळ बंदी.

एवढे अवतार बदलणं जमलं कसं? तर गाड्या खऱ्या त्रिमितीतल्या, पण माणसं म्हणजे चपटी चित्रं. गणपतीच्या देखाव्यात पुठ्ठ्याचे मावळे उभे करतात ना, तशी. कुठूनही बघा, चित्र तोंड फिरवून तुमच्याकडेच. चित्रांचा संच बदलला की माणसाचं भूत आणि भुताचं यंत्र. म्हणून तर लाल रक्ताचा पॅच, म्हणजे गेममध्ये तेवढा बदल करणारी फाइल, हातोहात फिरला आणि हिरव्या कॉप्या घरोघरी लाल झाल्या. मीही केल्या. हिरवी ऐंशी रुपयांना, लाल शंभरला. लाल मागणारी पोरं आवाज खाली आणून मागायची, जिन्यात माझी आई उभी असायची म्हणून.

गिटारचं कोडं राहिलं. ते संगीत फिअर फॅक्टरी या मेटल बँडचं, गाण्याचे शब्द काढून घेतलेलं, आणि ते सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असायचं. गेम चालताना सीडी ड्राइव्हमध्ये असली तरच वाजणार. पार्लरवाले गेम हार्डडिस्कवर उतरवून घ्यायचे आणि सीडी कपाटात कुलपात. म्हणून तुमच्याकडे शुकशुकाट. बडोद्यात अर्धवट पोचलं हे मावसभावाचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे, पण त्यात दोष कुलपाचा, गावाचा नाही.

आता माझं मत, कोणी विचारलेलं नसताना. या गेमची सगळी बोंब रक्तावरून झाली आणि त्यातली खरी करामत पत्र्यात होती. बाकी बहुतेक गेममध्ये तेव्हा गाडी भिंतीवर आपटली की फार तर ठिणग्या उडायच्या. इथे जिथे आपटेल तिथेच पोचा. उजवा दिवा खांबाला घासला तर उजवाच कोपरा आत जायचा. छपरावर पडली तर छप्पर चेपायचं, पार पापड व्हायचा. आणि बॅकस्पेस दाबून धरलं की चेपलेला पत्रा आतून कोणी ठोकल्यासारखा टप्प्याटप्प्याने सरळ व्हायचा, वर क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, घटत जायचे.

माझ्या मामांचं मकरपुऱ्याला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. एकदा जेवायला आले असताना त्यांना दाखवलं. मामांनी चष्मा चढवला, शर्यत वगैरे राहिली बाजूला, गाडी भिंतीवर घालायचे आणि बॅकस्पेस दाबायचे. पुन्हा भिंत, पुन्हा बॅकस्पेस. अर्धा तास. मग म्हणाले, "दरवाजाची लाइन बरोबर येते रे. आमच्या पोरांना नाही जमत." थोडं थांबून, "रंगकाम पण धरलंय का यात?" त्यांनी एकही पादचारी उडवला नाही. उलट मध्ये आला तर हॉर्न कुठलं बटण म्हणून विचारत होते.

गंमत म्हणजे असं खेळलं तरी चालायचं. फेऱ्या पुऱ्या करा, नाहीतर बाकी सगळ्या गाड्या मोडा, नाहीतर नकाशावरचे सगळे पादचारी संपवा, तिन्हीने शर्यत जिंकता यायची. ठरलेल्या ट्रॅकवरूनच चालवा असंही नाही, डोंगरावर जा, गच्चीवरून उडी मारा, वाटेत खास शक्ती देणारे पिंप असायचे, त्यातला पिनबॉलचा मिळाला तर भिंतींवरून चेंडूसारखे आपटत फिरा. ९७ साली एवढी मोकळीक कोण देत होतं? परीक्षणं चांगली आली ती याच मोकळिकीसाठी आणि त्या वात्रट विनोदासाठी. पेपरवाल्यांनी मात्र रक्तच मोजलं.

जुना_अंक

वर छान लिहिलंय, दोनच गोष्टी जोडतो.

एक, हा तमाशा पहिला नव्हे. १९७६ साली अमेरिकेत एक्झिडी कंपनीचं डेथ रेस नावाचं आर्केड मशीन आलं होतं. काळा-पांढरा पडदा, काड्यापेटीतल्या काड्यांसारखी माणसं, गाडीखाली आली की तिथे क्रॉस उगवायचा. आरडाओरडा झाल्यावर कंपनी म्हणाली, ती माणसं नाहीतच, ग्रेमलिन नावाची भुतं आहेत. म्हणजे झोम्बीची पळवाट वीस वर्षं आधीच शोधून झाली होती.

दोन, पुढे काय झालं. १९९८ चा दुसरा भाग चांगला, त्यात माणसंही त्रिमितीत आली. २००० मधला तिसरा स्टेनलेसने केलाच नाही, ऑस्ट्रेलियातल्या टोरसकडे दिला, आणि तो यथातथाच. निन्टेन्डो ६४ या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर, जो काढला त्याची तर परीक्षकांनी सालं काढली. मग दशकभर सामसूम. २०११ मध्ये स्टेनलेसने स्क्वेअर एनिक्स या कंपनीकडून (हक्क तोवर तिच्याकडे गेले होते) हक्क परत मिळवले, २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून वर्गणी जमवायच्या वेबसाइटवर ४ लाख डॉलर मागितले आणि सव्वासहा लाख जमले. तो गेम २०१५ ला आला, पण धापा टाकत चालतो अशी ओरड झाली. पुढच्या वर्षी कन्सोलवर सुधारून काढला. २०१८ मध्ये हक्क टीएचक्यू नॉर्डिक या कंपनीने घेतले. माझं म्हणाल तर पहिले दोन सोडून कशाला हात लावू नका.

खंडेराव_मार्केट

मी गेमवाली नाही, पण हा गेम मला माहीत आहे. माझा धाकटा भाऊ घरी खेळायचा. त्याच्याकडे लाल होती.

९९ च्या पावसाळ्यात बाबांना न्याय मंदिरासमोर एका टेम्पोने उडवलं. मार्केटमधून भाजी घेऊन चालले होते. मांडीचं हाड मोडलं, चार महिने अंथरुणावर. आमची दोनच खोल्यांची जागा. बाबा आतल्या खोलीत, कॉम्प्युटर बाहेर. तेव्हा हेडफोन वगैरे कुठले असायला. पहिल्याच आठवड्यात बाबांनी आतून विचारलं, "कसला रे आवाज?" तो म्हणाला, "क्रिकेट." बाबा म्हणाले, "क्रिकेटात ब्रेक कोण मारतं?"

त्या दिवसापासून त्याने आवाज बंद करून खेळायला सुरुवात केली. मी मागून बघायचे. आवाज नसला की ते जास्तच वाईट दिसायचं, खरं सांगते. रावपुरा_सीडी, तुमच्या मामांची गोष्ट मला आवडली, पण सगळी करामत पत्र्यात होती हे मला पटत नाही. पत्र्याला पोचा पडतो तो कशावर तरी आपटूनच ना? आणि त्यासाठी सेकंद मिळत होते.

मग एके दिवशी बघते तर पडद्यावर हिरवी भुतं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, "बदलून आणली." का ते बोलला नाही, मीही विचारलं नाही. इतक्या वर्षांत मला वाटत होतं की तो दुसरा भाग असेल. आज हे वाचून कळलं.

रावपुरा_सीडी

ताई, तुमचा भाऊ किडकिडीत, सायकलच्या हँडलला दुधाची बरणी लावून यायचा का?

लाल देऊन हिरवी मागायला आलेला माझ्याकडे एकच गिऱ्हाईक आला. एरवी सगळा उलटा प्रवास. मला वाटलं सीडी खराब निघाली. लावून बघितली तर व्यवस्थित चालू. मी म्हटलं, वेड लागलंय का तुला? तो म्हणाला, "नाही, हिरवीच द्या. आणि हिरवी ऐंशीला आहे, तर वीस रुपये परत द्या." मी दिले नाहीत. म्हटलं, बदलून देतोय तेच खूप झालं.

पत्र्याबद्दल तुमचं म्हणणं ऐकलं. काही बोलत नाही.

खंडेराव_मार्केट

हो, बरणी असायची. सकाळी दूध आणायचं काम त्याच्याकडेच होतं.

सूरसागरकर

मंडळी, हे सगळं काल रात्री घरी मोठ्याने वाचून दाखवलं. भावजींना फोन लावून स्पीकरवर "यंत्रमाणसं आणि काळं तेल" एवढं दोनदा वाचलं. पलीकडून "मी म्हणालो नव्हतो?" असं सात-आठ वेळा आलं. आईचा जीव भांड्यात पडला. मावसभाऊ म्हणतो, कुलपाचं कारण त्याला मान्य आहे, पण गिटार त्यालाच ऐकू आली हेही लिहून घ्यावं. लिहिलं.

सेव उसळीची वर्गणी माणशी साठ रुपये ठरलीय, रविवारी सकाळी. रावपुरा_सीडी, तुम्ही बडोद्यातच असाल तर या, तुमच्या वाटचे साठ आम्ही भरू.

रावपुरा_सीडी

येतो. पण माझे साठ मीच भरतो. खंडेराव_मार्केट, तुम्ही आणि तुमचे बंधूही या. त्यांचे साठ माझ्याकडून. वीस त्यांचे आणि बाकी पंचवीस वर्षांचं व्याज धरा.

खंडेराव_मार्केट

तो आता सुरतेला असतो. विचारून सांगते. व्याज कमी लावलंय म्हणेल.